स्तनाच्या कर्करोगानंतर त्या हाताने वजन उचलूच नये का? एक खुलासा

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतील लसिका गाठी (लिम्फ नोड्स) काढल्या असतील, तर त्या बाजूच्या हाताने साधी पिशवीही उचलू नये, नाहीतर हात कायमचा सुजतो, आणि म्हणून बाईने नोकरी सोडून घरी आराम करावा, हा समज इतका मुरलेला आहे की पूर्वी डॉक्टरही तसाच सल्ला देत असत. धोका खोटा नाही. गाठी काढल्यावर हातातील लसिका द्रवाचा, म्हणजे ऊतींमधून वाहून जाणाऱ्या पाण्यासारख्या द्रवाचा, निचरा मंदावतो आणि तो साचून सूज येऊ शकते. मात्र अमेरिकेतील एका चाचणीत, जिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, आधीच हात सुजलेल्या स्त्रियांनी देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत व्यायाम केला, तरी त्यांची सूज वाढली नाही. उलट ती उफाळण्याचे प्रमाण कमी आढळले.

अर्थात, पहिल्याच दिवशी भाजीचा क्रेट उचलावा, असे कोणी म्हणत नाही. फळ्यावर सलग लिहिणाऱ्या शिक्षिकेने सुरुवातीला कमी तास घ्यावेत, मध्ये हात मोकळा करावा, हात जड वाटला किंवा बांगडी घट्ट होऊ लागली तर लगेच फिजिओथेरपिस्टना दाखवावे. थकव्यावरही निव्वळ पडून राहण्यापेक्षा झेपेल तेवढी हालचाल अधिक गुणकारी ठरते.

राहिला प्रश्न पगाराचा. कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय, म्हणजे ठरावीक पगारापर्यंतच्या कर्मचाऱ्यांसाठीची सरकारी विमा योजना) किमान दोन वर्षे सलग नोकरी आणि ठरावीक वर्गणी भरलेली असल्यास, कर्करोगासाठी वाढीव आजारपण लाभ वेतनाच्या ८० टक्के दराने कमाल दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. राजीनामा लिहिण्याआधी त्याची चौकशी करावी.