डाय सौम्य झाला आणि गुठळ्या दिसू लागल्या

अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या एक्स-रे तपासणीत, डाय आणि रक्त गोठू न देणारे हेपॅरिन एकाच नळीच्या वाटेने शरीरात जातात. या दोघांच्या नात्याकडे मात्र फार उशिरा लक्ष गेले.

हेपॅरिनचा शोध 1916 चा. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जे मॅक्लीन हा वैद्यकाचा विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता. सापडला तो नेमका उलट गुणाचा. डायची गोष्ट वेगळी. एक्स-रेत रक्तवाहिनी उठून दिसावी म्हणून त्यात आयोडीन असते. 1950 च्या दशकापासून वापरात असलेले डायट्रिझोएटसारखे डाय क्षारस्वरूपाचे, म्हणजे आयनिक होते. पाण्यात विरघळले की त्यांचे दोन तुकडे होत, त्यामुळे द्रावणाची तीव्रता रक्ताच्या पाच ते आठ पट भरे. इंजेक्शन देताच रुग्णाच्या अंगाची आग होई.

स्वीडनमधल्या माल्मो इथले रेडिओलॉजिस्ट टॉर्स्टेन आल्मेन यांनी 1969 मध्ये यावर उपाय मांडला: रेणूचे तुकडेच होऊ द्यायचे नाहीत. त्यातून नॉन-आयनिक डाय आले आणि 1980 च्या दशकात आयोहेक्सॉल, आयोपामिडॉल ही नावे रूढ झाली. जळजळ कमी झाली, मळमळ आणि ॲलर्जीसारखे त्रासही घटले. महाग असूनही ते स्वीकारले गेले, आणि ते योग्यच होते.

पण 1987 मध्ये रेडिओलॉजीच्या वैद्यकीय साहित्यात एक अस्वस्थ करणारे निरीक्षण छापून आले. नॉन-आयनिक डाय भरलेल्या सिरिंजमध्ये थोडे रक्त मागे ओढले गेले, तर तिथे गुठळी बनत होती. ती गुठळी पुढच्या दाबासरशी थेट हृदयाच्या किंवा मेंदूच्या धमनीत जाऊ शकते. नवा डाय रक्त गोठवतो, अशी ओरड झाली. माझ्या मते ती दिशाभूल करणारी होती. नॉन-आयनिक डायही रक्त गोठणे थोडे रोखतोच; जुना आयनिक डाय ते कितीतरी जास्त रोखत असे. फायब्रिनचे, म्हणजे गुठळीचे जाळे बनवणाऱ्या प्रथिनाचे, धागे तो नीट विणू देत नसे, प्लेटलेट्सनाही आवर घाली. म्हणजे इतकी वर्षे तो हेपॅरिनच्या कामात हातभार लावत होता आणि हाताळणीतला ढिलेपणा झाकत होता. तो गेल्यावर तो ढिलेपणा उघडा पडला.

1977 मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी, म्हणजे हृदयाची अरुंद धमनी फुग्याने रुंद करण्याची प्रक्रिया, केली होती, त्यामुळे तोवर हा प्रश्न फक्त चित्र काढण्यापुरता उरला नव्हता. फुग्याने धमनीची आतली भिंत सोलवटली की गुठळीला जागाच मिळते. म्हणून काही डॉक्टर आयोक्सॅग्लेटकडे वळले: आयनिक, तरी तीव्रता कमी. पुढे स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळ्या, आणि प्लेटलेट्स रोखणारी प्रभावी औषधे आली, तसा हा वाद निवळत गेला.

नॉन-आयनिक डायच्या माहितीपत्रकात मात्र इशारा आजही छापलेला असतो: सिरिंजमध्ये रक्त आणि डाय एकत्र राहू देऊ नये, कॅथेटर, म्हणजे रक्तवाहिनीत घातलेली नळी, वारंवार हेपॅरिनयुक्त सलाईनने धुवावी, आणि काचेऐवजी प्लास्टिकची सिरिंज वापरल्याने गुठळीची शक्यता घटू शकते, पण संपत नाही.