काकूंचा हात, सहा मीटर पाइप आणि वास्तुदोष

आमच्या मुलुंडच्या इमारतीत भिंती पातळ, त्यामुळे शेजारच्या काकांची आंघोळ सगळ्या मजल्याला पाठ आहे. ‘वाढव गं!’ मग थोडी शांतता. ‘अगं, वाढव म्हटलं ना, लवकर!’ पुन्हा शांतता. आणि मग ‘आई गं, भाजलं! कमी कर!’ गॅस गीझर स्वयंपाकघराच्या गॅलरीत, काका बाथरूममध्ये आणि गीझरच्या बटणाशी काकू. (बंद बाथरूममध्ये गॅस गीझर नाही ते बरंच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.)

गेल्या थंडीत त्यांना कुणीतरी सांगितलं की गीझर वायव्येला आहे आणि अग्नीची जागा आग्नेय. काकांनी फी मोजली, गीझर बाथरूमला लागून असलेल्या मागच्या गॅलरीत हलवला, आणि पाणी खरंच ताळ्यावर आलं. तेव्हापासून काका लिफ्टमध्ये भेटेल त्याला वास्तुशास्त्र सांगतात. मी चिडलो आणि लॅपटॉपवर एक्सकॉस उघडलं.

एक्सकॉस हे सायलॅब या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं एक दालन. सायलॅबचा जन्म फ्रान्सचा, पण आपल्या पवईच्या आयआयटीनेही त्याचे धडे तयार करून सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत. कंपन्यांमध्ये याच जातीचं सिम्युलिंक चालतं. ते विकत घ्यावं लागतं. दोन्हीकडे काम एकच: कागदावर काढतो तसे चौकोन काढायचे, बाणांनी जोडायचे आणि ‘चालव’ म्हणायचं. पुष्कळांना वाटतं की हे कार्टूनसारखं काहीतरी असतं. तसं नाही. प्रत्येक चौकोन म्हणजे एक गणिती क्रिया, आणि चित्र पुरं झालं की समीकरण मांडून झालेलं असतं.

काकांच्या आंघोळीला चारच चौकोन लागले. पहिला वजाबाकीचा: हवं ते तापमान ४० अंश, त्यातून अंगावर पडतंय ते वजा. दुसरा गुणाकाराचा, ज्याला गेन म्हणतात. हा काकूंचा हात. मी ०.१ घातला, म्हणजे एका अंशाचा फरक असेल तर बटण अशा वेगाने फिरतं की गीझरमधून निघणारं पाणी सेकंदाला ०.१ अंशाने बदलेल. तिसरा इंटिग्रेटर, तो हे छोटे बदल साठवत जातो. संगणकाचं काम इथे अगदी वाण्याच्या वहीसारखं: मागची बाकी, अधिक वेग गुणिले छोटा काळ, झाली नवी बाकी. १९३१ साली व्हॅनेव्हर बुश या अभियंत्यांनी अमेरिकेत हेच काम फिरत्या तबकडीवर चाक ठेवून यंत्राकडून करून घेतलं होतं.

चौथा चौकोन माझा लाडका. डिले, म्हणजे उशीर. सहा मीटर पाइप, आतला व्यास १५ मिलिमीटर, म्हणजे पाइपात साधारण एक लिटर पाणी. मिनिटाला सहा लिटरचा प्रवाह धरला तर गीझरजवळचं पाणी काकांच्या डोक्यावर पडायला दहा सेकंद. हा चौकोन काहीच करत नाही, फक्त रांग लावतो. दहा सेकंदांपूर्वी जे आत गेलं तेच आता बाहेर. रांगेत सुरुवातीला काय भरलंय हेही सांगावं लागतं. मी २५ अंशांचं पाणी भरलं.

आता बघा. पहिले दहा सेकंद काकांना २५ अंशच लागतं. फरक १५, म्हणून काकू सेकंदाला दीड अंशाने वाढवत राहतात. दहाव्या सेकंदाला गीझरमधून नेमकं ४० अंशांचं पाणी निघतं. थांबायचा क्षण हाच! पण काकांच्या अंगावर अजून २५ आहे, आणि ते ओरडताहेत. विसाव्या सेकंदाला काकांना ४० अंश मिळतं तेव्हा गीझर ४७.५ वर पोचलेला असतो, आणि ते साडेसत्तेचाळीस पाइपातून निघालेलं आहे. ते परत बोलावता येत नाही. तिसाव्या सेकंदाला ‘आई गं!’

काकूंचं काहीच चुकलेलं नाही. त्या बातमीप्रमाणे वागतात, बातमी शिळी आहे.

इथून पुढचा परिच्छेद गणिताचा. नको असेल तर गाळा, पण मला तो सोडवत नाही. सगळं दोन आकड्यांच्या गुणाकारावर ठरतं: गेन गुणिले उशीर. गुणाकार ०.३७ पेक्षा (नेमकं म्हणजे १ भागिले ई, आणि ई म्हणजे गणितातला २.७१८ हा आकडा) कमी असेल तर पाणी हेलकावे न खाता ४० वर येतं. त्याच्या वर हेलकावे, पण विरत जाणारे. आणि पाय (वर्तुळाचा तो ३.१४) भागिले २, म्हणजे १.५७ ओलांडलं की हेलकावे वाढतच जातात. सीमेवर बरोबर उभं राहिलं तर एक हेलकावा उशिराच्या चौपट वेळाचा, इथे ४० सेकंदांचा. काकांचा गुणाकार १. प्रत्येक फेरीला लाट जवळजवळ पाचव्या हिश्श्यावर येते, म्हणजे ओरडा एक-दोनदाच. गंमत म्हणून मी गेन ०.२ केला. काही फेऱ्यांतच आलेखातलं पाणी शून्याखाली गेलं आणि पुढच्या उसळीत शंभराच्या पार. मुलुंडच्या बाथरूममध्ये बर्फ! चूक माझी: गीझरला कमाल-किमान मर्यादा असते, तो चौकोन मी घातलाच नव्हता. संगणक तुमच्या चित्राला प्रामाणिक असतो, गीझरला नाही.

आता गीझर मागच्या गॅलरीत. पाइप दीड मीटर, उशीर अडीच-पावणेतीन सेकंद. मी फक्त तो एक आकडा बदलला. गुणाकार ०.२७ च्या आसपास. रेघ चढली आणि ४० वर बसली. आग्नेय दिशेसाठी एक्सकॉसमध्ये चौकोन नाही. पाहिजे तर ‘एआय असलेला’ गीझरही विकत मिळेल, पण सहा मीटर पाइपातलं शिळं पाणी त्यालाही ताजं करता येणार नाही. फार तर तो थांबायला शिकेल.

थांबणं फुकटातही जमलं असतं. जुना पाइप तसाच ठेवून मी गेन ०.०३ केला. गुणाकार ०.३. वेळ जास्त लागला, पण रेघ तशीच शांत.

हे दोन्ही आलेख काकूंना दाखवले. त्यांनी चष्मा लावून नीट बघितले. ‘म्हणजे मी बटण हळू फिरवायला हवं होतं?’

‘हो.’

‘मग ते लवकर, लवकर कोण ओरडत होतं?’