कूलंट जातं कुठं?

साताऱ्याहून कासला निघालं की यवतेश्वरचा घाट लागतो. त्या घाटात आमच्या गाडीचा तापमानाचा काटा दोनदा लाल रेघेला टेकला. दोन्ही वेळा कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, बाटली तळाला गेलेली. गाडी जेमतेम दोन वर्षांची! सर्व्हिस सेंटरला तीन चकरा मारल्या, तिन्ही वेळा तेच ऐकलं: "थोडं उडतंच सर, टॉप-अप करून दिलंय." खाली डाग नाही, म्हणजे गळती नाही, असा त्यांचा हिशोब. तो साफ चुकीचा आहे.

इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जाच गाडी ओढायला लागते. उरलेल्या उष्णतेचा मोठा वाटा कूलंट रेडिएटरपर्यंत वाहून नेतं. नुसतं पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं, कासच्या उंचीवर ९६च्या आसपासच. म्हणून पाण्यात एथिलीन ग्लायकॉल मिसळतात आणि झाकणाने आतला दाब हवेच्या जवळपास दुप्पट ठेवतात. मग मिश्रण १२० अंशांपुढेही उकळत नाही. प्रेशर कुकरच म्हणा. अशा बंद यंत्रणेत वर्षाकाठी पातळी किंचित उतरेल, पण महिन्यात बाटली रिकामी होणार नाही.

मग डाग का दिसत नाही? गोडोलीच्या एका मेकॅनिकने ते डोळ्यांसमोर दाखवलं. थंड इंजिनावर झाकणाच्या जागी हातपंप बसवला, दाब भरला आणि आम्ही थांबलो. दहा मिनिटांत पंपावरचा दाबाचा काटा हळूहळू खाली आला. त्याने वॉटर बॉडीखाली, म्हणजे कूलंट फिरवणाऱ्या पंपाखाली, टॉर्च धरला. तिथे काडीपेटीच्या गुलाइतकं भोक, आणि त्याखाली वाळलेल्या मिठासारखी गुलाबी रेघ. "सील गेलंय साहेब. गाडी तापली, दाब चढला, की झिरपतंय. पण जमिनीवर पडायच्या आधीच गरम लोखंडावर वाळतंय."

हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. सील गेलं तर कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर यावं, यासाठी. यंत्र बनवणाऱ्याने सूचनेची सोय केली होती, फक्त कुणी वाकून पाहिलं नव्हतं.

अशा वेळी गाडीतल्या तापमानाच्या काट्यावर भरवसा ठेवू नका. त्याचा सेन्सर द्रवात बुडालेला असेल तरच खरं तापमान सांगतो. द्रवच संपला तर इंजिन भाजत असतानाही काटा खाली येऊ शकतो. तेवढ्यात अॅल्युमिनियमचं हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकतं, त्याखालचं गॅस्केट उडतं. आणि तापलेलं झाकण कधीच उघडू नये: दाब सुटताच आतलं द्रव क्षणात उकळून अंगावर येतं. सांडलेलं कूलंट लगेच धुवा. ते चवीला गोड आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री चाटतात. बाटलीत बोअरचं पाणीही ओतू नका, त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत साचतात.

गुलाबी रेघेचा आणि पंपाच्या उतरलेल्या काट्याचा फोटो घेऊन चौथ्यांदा सर्व्हिस सेंटरला गेलो. या वेळी वॉटर बॉडी वॉरंटीत बदलून मिळाली. बाटलीवर मार्करने रेघ मारली आहे. रोज सकाळी, इंजिन थंड असताना, आधी तीच बघतो.