कॅल्शियमची गोळी आणि वेळेचं गणित

कॅल्शियमची एक गोळी पांढऱ्या व्हिनेगरच्या पेल्यात टाकून बघा. मी टाकली होती. आधी गोळीच्या कडांवर बारीक बुडबुडे धरले, मग फेस आला, कोपरे झिजू लागले आणि अर्ध्या तासाच्या आत तळाशी नुसता पांढरा गाळ उरला. ही जुनी घरगुती चाचणी आहे. अर्ध्या तासात गोळी फुटली नाही, तर पोटात तरी ती नीट विरघळेल का, अशी शंका घ्यायला जागा असते.

ते बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. बऱ्याचशा गोळ्यांमध्ये कॅल्शियम कार्बोनेट असतं. खडू, संगमरवर, अंड्याचं कवच हे सगळे त्याचेच अवतार, आणि आम्ल लागलं की ते फसफसतं. पेल्यात जे दिसलं तेच पोटात घडतं, म्हणूनच गोळी घेतल्यावर ढेकर येतात, पोट फुगतं. बद्धकोष्ठतेची तक्रारही नेहमीची. गोळीतलं साधारण पाव ते एक तृतीयांश कॅल्शियमच शोषलं जातं, बाकीचं तसंच पुढे सरकतं.

कार्बोनेटला आम्ल लागतं, म्हणून ती गोळी जेवणाबरोबर घ्यायची. अॅसिडिटीसाठी रोज आम्ल कमी करणारी औषधं घेणाऱ्यांच्या पोटात हा फेस नीट होतच नाही. त्यांना कॅल्शियम सायट्रेट, म्हणजे दुसऱ्या प्रकारची गोळी, बरी पडते, कारण तिला आम्लाची फारशी गरज नसते. पण कार्बोनेटमध्ये वजनाच्या ४० टक्के कॅल्शियम असतं आणि सायट्रेटमध्ये जेमतेम २१ टक्के, त्यामुळे तेवढ्याच कॅल्शियमसाठी गोळ्या जास्त किंवा मोठ्या घ्याव्या लागतात. लेबल वाचताना नेमकी इथेच फसगत होते. ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मि.ग्रॅ.’ म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम. मोजायचा आकडा हा दुसरा.

हे ५०० मिलिग्रॅम किती, याचा अंदाज यावा म्हणून एक छोटा हिशोब. प्रौढ शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असतं आणि त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. रक्तात मात्र दर डेसिलिटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम. रक्तातला द्रवभाग तीन लिटरच्या आसपास धरला, तर त्यातलं सगळं कॅल्शियम मिळून ३०० मिलिग्रॅमच्या आत-बाहेर भरतं. म्हणजे एका गोळीत जेवढं असतं, तेवढं आपल्या अख्ख्या रक्तात नसतं! गोळीतलं सगळं शोषलं जात नाही हे खरं, पण जे जातं ते काही तासांत एकदम येतं. आहारातलं कॅल्शियम थोडं थोडं, इतर अन्नाच्या गर्दीतून वाट काढत येतं. मला वाटतं, गोळीच्या बऱ्याचशा तक्रारींचं मूळ या फरकात आहे.

रक्तातलं कॅल्शियम वाढलं की मानेतल्या भाताच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी आपला हात आखडता घेतात. त्यांचं संप्रेरक कमी झालं की मूत्रपिंडं जादा कॅल्शियम लघवीवाटे बाहेर सोडतात. हाड म्हणजे काही रिकामं पोतं नव्हे, की वरून ओतलं आणि भरलं. आलेल्यातलं बरंचसं असं बाहेरच जातं, आणि जाताना मुतखड्याची शक्यता वाढवतं.

मुतखड्याची गोष्ट मात्र थोडी उलटी आहे. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. त्यामुळे खडा झालेल्यांनी दूधदुभतं बंद करावं, असा सल्ला कित्येक वर्षं दिला गेला. १९९३ साली अमेरिकेत पुरुषांच्या एका मोठ्या पाहणीत दिसलं, की आहारात कॅल्शियम भरपूर असलेल्यांना खडे उलट कमी झाले होते. १९९७ मध्ये परिचारिकांच्या पाहणीत तेच आढळलं, पण त्यात एक गाठ निघाली. आहारातून कॅल्शियम घेणाऱ्यांना धोका कमी, तर गोळ्या घेणाऱ्यांना सुमारे २० टक्के जास्त. पदार्थ एकच, परिणाम दोन. संशोधकांनी मांडलेलं स्पष्टीकरण मला पटतं. पालक, सुकामेवा, चॉकलेट यांतून ऑक्झलेट पोटात येतं. त्याच जेवणात कॅल्शियम असेल तर दोघांची गाठ आतड्यातच पडते आणि दोघंही शौचावाटे निघून जातात. गोळी रिकाम्या पोटी किंवा झोपताना घेतली, तर आतड्यात धरायला ऑक्झलेटच नसतं. मग ही भेट मूत्रपिंडात होते.

पुढे ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी चाचणीत रजोनिवृत्ती झालेल्या ३६,२८२ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागलं. एका गटाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट ‘ड’ जीवनसत्त्व, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या. सरासरी सात वर्षं हे चाललं आणि निष्कर्ष २००६ मध्ये आले. मुतखड्याचा धोका गोळीच्या गटात १७ टक्के जास्त. आकडा धडकी भरवणारा वाटतो, पण प्रत्यक्षात ४४९ स्त्रिया विरुद्ध ३८१. सात वर्षांत दर हजारी चार जणी जास्त. आणि फायदा? खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण १२ टक्के कमी दिसलं, पण तो फरक योगायोगानेही आला असू शकेल इतका लहान होता. यातल्या अनेक जणी आधीपासूनच पुरेसं कॅल्शियम घेत होत्या, हेही ध्यानात घ्यायला हवं. याउलट १९९२ मध्ये फ्रान्समधल्या वृद्धाश्रमांत, जिथे आहारातलं कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व दोन्ही तोकडं होतं, तिथे याच दोन गोष्टी दिल्यावर वयोवृद्ध स्त्रियांमध्ये खुबा मोडण्याचं प्रमाण ४३ टक्क्यांनी घटलं होतं. ज्यांना कमी पडत होतं, त्यांना उपयोग झाला.

हृदयाचा प्रश्न अजून वादात आहे. २०१० मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी बऱ्याच चाचण्या एकत्र करून सांगितलं, की ‘ड’ जीवनसत्त्वाविना नुसतं कॅल्शियम घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके सुमारे ३० टक्के जास्त होते. मोठी खळबळ उडाली. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या हाडांच्या आणि हृदयरोग प्रतिबंधाच्या दोन संस्थांनी मिळून निर्वाळा दिला, की एकूण मात्रा मर्यादेत असेल तर असा संबंध दिसत नाही. दोन्ही बाजू वाचून मी तरी एवढंच म्हणेन, की घाबरून डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करू नये, आणि हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर मनाने सुरूही करू नये.

ही मर्यादा ५० वर्षांपर्यंतच्या प्रौढांसाठी दिवसाला २५०० मिलिग्रॅम आणि त्यापुढे २००० अशी मानतात, आणि तीत आहार, गोळ्या सगळं धरायचं. छातीतल्या जळजळीवर चघळायच्या अनेक गोळ्याही कॅल्शियम कार्बोनेटच्याच असतात, ते कुणी हिशोबात घेत नाही. १९१५ मध्ये शिकागोचे डॉक्टर बर्ट्रम सिप्पी यांनी जठरव्रणावर दर तासाला दूध आणि क्षारांची पूड असा उपचार रूढ केला. काही रुग्णांना मळमळ, डोकेदुखी, भ्रम होऊ लागला, मूत्रपिंडं थकली. रक्तात कॅल्शियम वाढून होणाऱ्या या विकाराला दूध-अल्कली सिंड्रोम म्हणतात. नवी औषधं आल्यावर तो जवळजवळ पुस्तकातच उरला होता. कॅल्शियमच्या गोळ्या घरोघरी पोचल्या आणि तो परतला. खूप तहान, सारखी लघवी, मळमळ, न जाणारी बद्धकोष्ठता, सुस्ती असं एकत्र दिसलं तर रक्त तपासून घ्यावं. रक्तदाबासाठी थायझाइड गटातलं औषध घेणाऱ्यांनी तर नक्कीच. त्या औषधामुळे लघवीवाटे कॅल्शियम कमी जातं आणि रक्तात साठायला वाव मिळतो.

शेवटचा त्रास शेजारच्या गोळीला होतो. आतड्यात कॅल्शियम थायरॉइडच्या औषधाला धरून ठेवतं. मात्रा तीच, पण शोषलं जातं कमी, आणि तपासणीत थायरॉइडचा आकडा का बिघडला ते कळत नाही. या दोन गोळ्यांत किमान चार तासांचं अंतर हवं. लोहाच्या गोळीचं, टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या प्रतिजैविकांचंही असंच. सगळ्यात गंमत हाडं ठिसूळ झाल्यावर देतात त्या अॅलेंड्रोनेटची. हे औषध सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायचं आणि पुढचा किमान अर्धा तास काही खायचं नाही. घाईत कोणी त्याच घोटाबरोबर कॅल्शियमची गोळीही गिळली, तर हाडांसाठी घेतलेलं कॅल्शियम हाडांच्याच औषधाला आतड्यात अडवून ठेवतं.