आवृत्ती की पुनर्मुद्रण? संदर्भसूचीत साल लिहिताना होणारी गल्लत

प्रकल्पांच्या संदर्भसूच्या तपासताना मला एक नोंद दर वर्षी हमखास भेटते: 'मोल्सवर्थ, 1975'. मराठी-इंग्रजी शब्दकोश करणारे जेम्स थॉमस मोल्सवर्थ एकोणिसाव्या शतकातले. विद्यार्थ्याने खोटं काही लिहिलेलं नसतं. हातातल्या कोशावर 1975 छापलेलं असतं, तेच तो उतरवून घेतो. चुकतं ते आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतला फरक न पाहिल्यामुळे.

आवृत्ती बदलते तेव्हा मजकूर बदलतो. लेखक भर घालतो, चुका दुरुस्त करतो, एखादं प्रकरण काढून टाकतो. पुनर्मुद्रणात प्रती संपल्या म्हणून तेच पुस्तक पुन्हा छापलेलं असतं. मोल्सवर्थचा कोश पहिल्यांदा 1831 साली आला. 1857 ची दुसरी आवृत्ती सुधारलेली आणि बरीच वाढवलेली होती. पुण्याच्या शुभदा-सारस्वत प्रकाशनाने 1975 मध्ये काढला तो याच दुसऱ्या आवृत्तीचा पुनर्मुद्रित ग्रंथ.

आता समजा, एखाद्या शब्दाचा जुना अर्थ दाखवण्यासाठी तुम्ही या कोशाचा आधार घेताय. नुसतं 1975 लिहिलंत तर वाचणाऱ्याला तो अर्थ 118 वर्षांनी अलीकडचा वाटेल. 'कोश तर 1831 चा' म्हणून ते साल टाकलंत, तर 1857 मध्ये नव्याने आलेला शब्दही तुम्ही 26 वर्षं मागे ढकलाल. भाषेच्या इतिहासावर लिहिताना एवढ्याने अख्खा मुद्दा कोसळू शकतो. म्हणून नोंद अशी करावी:

मोल्सवर्थ, जेम्स थॉमस. 'अ डिक्शनरी, मराठी अँड इंग्लिश'. दुसरी आवृत्ती, 1857. पुनर्मुद्रण, शुभदा-सारस्वत प्रकाशन, पुणे, 1975.

दोन्ही सालं हवीत, कारण दोघांची कामं वेगळी आहेत. 1857 वरून मजकुराचं वय कळतं. 1975 वरून तुम्ही दिलेला पान क्रमांक कुठल्या प्रतीत शोधायचा ते कळतं. संदर्भ देण्याच्या एपीए पद्धतीत मजकुरातल्या कंसात हेच 1857/1975 असं लिहितात, मूळ साल आधी. शिकागो या दुसऱ्या पद्धतीत मूळ साल देऊन पुढे पुनर्मुद्रणाचा तपशील येतो. विभागाने जी पद्धत सांगितली असेल ती पाळा. माझा आग्रह दोन्ही सालांचा आहे.

मराठी पुस्तकांत खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे 'आवृत्ती' हा शब्द फार सैल वापरला जातो. अकरावी आवृत्ती म्हणून मिरवणाऱ्या पुस्तकात अनेकदा पहिल्या आवृत्तीतला काना-मात्राही बदललेला नसतो. ती अकरावी छपाई असते. म्हणून मुखपृष्ठावर विसंबू नका. शीर्षकपान उलटा आणि मागचा सगळा तपशील वाचा. मग 'दुसऱ्या आवृत्तीच्या निमित्ताने' असं लेखकाचं मनोगत आहे का ते बघा. असेल तर काय बदललं ते बहुधा तिथेच सांगितलेलं असतं. मनोगत नसेल आणि 'सुधारित' किंवा 'वाढवलेली' असा उल्लेखही कुठे नसेल, तर बहुधा ते पुनर्मुद्रणच. तरीही पुस्तकावर 'अकरावी आवृत्ती' छापलं असेल तर नोंदीत तसंच लिहा, स्वतः शब्द बदलू नका. फक्त पहिल्या आवृत्तीचं साल सोबत द्या.

प्रकाशक बदलला की गोंधळ आणखी वाढतो. नवा प्रकाशक 'पहिली आवृत्ती' छापतो ती त्याची पहिली. पुस्तक त्याआधी तीस वर्षं बाजारात असू शकतं. शिवाय हल्ली जुनं पुस्तक संगणकावर नव्याने जुळवून छापतात. मजकूर तोच, पण टाइप आणि आकार बदलल्यामुळे पानं सरकतात. मागे दोन मुलींनी एकाच पुस्तकातलं एकच वाक्य उद्धृत केलं होतं, एकीने पान 112 दिलं, दुसरीने 134. दोघी बरोबर होत्या. त्यांच्या प्रती वेगळ्या छपाईच्या होत्या आणि दोघींनीही नोंदीत फक्त पहिल्या आवृत्तीचं साल दिलं होतं, त्यामुळे मला दोन्ही प्रती मागवून बघाव्या लागल्या.

जुन्या पुस्तकावर इसवी सनाऐवजी शालिवाहन शकाचं साल छापलेलं असेल, तर इसवी सन काढायला त्यात 78 मिळवा. शके 1820 म्हणजे इसवी सन 1898. मात्र जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतच्या तारखेला 79 मिळवावे लागतात. महिना दिलेला नसेल तर 1898-99 असं लिहा, आणि मूळ शकाचं सालही ठेवा.

पुस्तक ग्रंथालयात परत करण्याआधी शीर्षकपानाच्या दोन्ही बाजूंचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुन्हा बांधणी करताना ते पान गळून गेलं असेल, तर अंदाजाने साल टाकू नका. 'प्रकाशनवर्ष दिलेले नाही' असं लिहा आणि कुठल्या ग्रंथालयाची प्रत पाहिली ते नोंदवा.