शीट ओढू की व्हँग?

शिडाची नौका चालवायला शिकताना मराठी माणसाची पहिली अडचण शब्दातच आहे. 'शीड' म्हणजे कापड, आणि 'शीट' म्हणजे ते शीड आत-बाहेर करणारा दोर. खडकवासल्याच्या पाण्यावर "शीट सोड!" अशी हाक आली की नवखा शिडाकडे बघत बसतो, तोवर नौका कलंडलेली असते. हा गोंधळ आठवड्याभरात मिटतो. मेनशीट (मुख्य शिडाची शीट) आणि व्हँग नावाचा दुसरा दोर यांच्यातला मात्र वर्षभर पिच्छा सोडत नाही, कारण दोहोंपैकी कोणताही दोर ओढा, बूम (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा) खालीच येतो.

मग दोन दोर कशाला?

वाड्याचं फाटक आठवा. बिजागरी म्हणजे डोलकाठी, फाटक म्हणजे बूम. वारा समोरून तिरका घेऊन जाताना फाटक जवळजवळ बंद असतं; बूम नौकेच्या वर असतो आणि मेनशीट त्याला सरळ खाली ओढते. फाटक उघडलं, बूम पाण्यावर गेला, की तीच शीट आडवी होते. आता ती बूमला आत ओढू शकते, दाबून धरू शकत नाही. व्हँग बांधलेला असतो डोलकाठीच्या बुंध्यापासून बूमपर्यंत तिरपा, म्हणजे बिजागरीलगतच. तो फाटकाबरोबर फिरतो, आणि बूम कुठेही असला तरी त्याला वर उचलू देत नाही.

बूम उचलला गेला तर बिघडतं काय? शिडाची मागची कड सैल पडते, वरचा भाग बाहेर उघडतो आणि शिडाला पीळ पडतो. थोडा पीळ हवाच. पाण्यालगतचा वारा मंद, वरचा जोरदार. त्यामुळे चालत्या नौकेला वरचा वारा थोडा मागच्या बाजूने लागतो. किती पीळ पुरे, हे मागच्या कडेला वरती लावलेली फीत सांगते. ती बहुतेक वेळ मागे फडफडावी, मधूनच शिडाआड दडावी. कायमची दडली तर तुम्ही फार आवळलंय. मंद वाऱ्यात हा दोष सगळ्यांकडून होतो. आवळलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं!

हलक्या वाऱ्यात वाऱ्यासमोर तिरकं जाताना पीळ शीटच सांभाळते, व्हँगचा फक्त झोल काढायचा. वारा वाढला की गणित बदलतं. झुळूक आली की शीटला ढील द्यावी लागते, मांजाला देतो तशी. व्हँग सैल असेल तर त्या ढिलीने बूम बाहेर जाण्याआधी वर जातो आणि शीड पोतं होतं. आवळलेला असेल तर बूम त्याच उंचीवर बाहेर सरकतो. इल्का ७ सारख्या एकट्याच्या नौकेत (शीड ७.०६ चौरस मीटर) व्हँग डोलकाठीलाही वाकवतो आणि शीड चपटं करतो. मोठ्या नौकांवर शीटचं खालचं टोक डावी-उजवीकडे सरकवणारी पट्टी असते, ट्रॅव्हलर. इल्कावर त्या जागी नुसता दोराचा त्रिकोण. म्हणून तिथे व्हँगवर जास्त भिस्त.

याचा उलटा फटका मी खाल्लाय. जोराच्या वाऱ्यात वाऱ्यासमोर तिरका जाऊन वळलो, वारा बाजूला घेतला, व्हँग तसाच घट्ट. नौका झुकली आणि बूमचं टोक पाण्यात घुसलं. शीट पूर्ण सोडली, पण पाण्याने धरलेला बूम बाहेर जाईना. पुढच्या क्षणी मी पोहत होतो. आणि वारा पाठीशी असताना व्हँग अगदी मोकळा ठेवलात तर शिडाचं टोक डोलकाठीच्या पुढे जातं, नौका डोलायला लागते आणि वाऱ्याच्या बाजूला तुमच्याच अंगावर उलटते.

म्हणून शीट हातातून सुटू द्यायची नाही, आणि व्हँगला हात वळणाआधी घालायचा. वळल्यावर दोन्ही हात गुंतलेले असतात.