वळू घोडा : प्रजननक्षमतेतील हंगामी बदल

खच्ची न केलेल्या नर घोड्याच्या वृषणांचे आकारमान, शुक्राणुनिर्मिती, हॉर्मोनांची पातळी आणि समागमेच्छा यांत दिनमानानुसार होणारे वार्षिक चढउतार. घोडी हिवाळ्यात बहुधा माजावर येत नाही. नराची शुक्राणुनिर्मिती मात्र बाराही महिने चालू असते. समशीतोष्ण प्रदेशात ती हिवाळ्यात बरीच घटते आणि मे–जूनच्या सुमारास शिगेला पोहोचते.

रात्र लांबली की मेंदूतील तृतीय नेत्र पिंडातून मेलॅटोनीन हे हॉर्मोन अधिक काळ स्रवते. त्यामुळे अधोथॅलॅमसाकडून (मेंदूच्या तळाशी असलेल्या भागाकडून) पोष ग्रंथीला (पिट्यूटरी) मिळणारी चेतना मंदावते आणि वृषणातील लायडिख कोशिकांत तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरोन या नर हॉर्मोनाची पातळी उतरते. हिवाळ्यात रोज १६ तास उजेड दिल्यास वृषणे लवकर वाढतात. पण उजेड तसाच ठेवला तरी ती लवकर आटतातही. त्यामुळे प्रकाश हा अंगभूत वार्षिक लयीला केवळ वेळ लावून देतो, हे मत अधिक सयुक्तिक दिसते.

सर्टोली कोशिकांचा वाद अजून मिटलेला नाही. शुक्राणूंना पोसणाऱ्या या कोशिकांची संख्या प्रजननहंगामात अधिक आढळते, असे जॉन्सन व टॉम्सन या संशोधकांनी १९८३ मध्ये मांडले. प्रौढ सस्तन प्राण्यांत त्यांचे विभाजन थांबते, हा प्रचलित सिद्धांत याच्या आड येतो. शिवाय कापलेले वृषण पुढच्या ऋतूत पुन्हा मोजता येत नाही. तुलना बहुतेक निरनिराळ्या घोड्यांत करावी लागते. संख्येतील फरक ग्राह्य धरला, तरी तो विभाजनामुळेच पडतो असे म्हणणे घाईचे ठरेल.

मुंबई सुमारे १९° उत्तर अक्षांशावर असल्याने येथील दिनमान साधारण ११ ते सव्वातेरा तासांच्या दरम्यान राहते. लंडनमध्ये ते सुमारे ८ ते साडेसोळा तास असते. साहजिकच येथे प्रकाशाचा प्रभाव सौम्य असावा. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर (स्थापना १८८३) शर्यती होतात. पैदाशीचे काम पुणे परिसरातील व इतरत्रच्या स्टड फार्मांत चालते. थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या शिंगराचे वय उत्तर गोलार्धात १ जानेवारीपासून मोजतात आणि गर्भावधी सुमारे ११ महिन्यांचा असतो. म्हणून शिंगरू वर्षारंभीच जन्मावे यासाठी वळू फेब्रुवारीपासूनच घोडीवर सोडला जातो, म्हणजे ऐन भरात येण्याच्या कितीतरी आधी. या जातीत कृत्रिम रेतनाला मान्यता नसल्याने, चांगल्या दिवसांत रेत साठवून ही तूट भरून काढता येत नाही.

उष्णतेचा परिणाम वेगळा मोजावा लागतो. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ५७ दिवस लागतात, त्यानंतर अधिवृषणातील (वृषणाला जोडलेल्या वेटोळ्या नलिकेतील) प्रवास. त्यामुळे मे महिन्यातील तीव्र उष्म्याने झालेली हानी जून–जुलैच्या रेतातही दिसू शकते. नेमके तेव्हाच दिनमान सर्वांत मोठे असते, आणि केवळ प्रकाशाचा विचार केला तर घोडा भरात असायला हवा.